माहेरी शोक, सासरी सुटका: मी कोणत्या बाजूची?

पत्राचा सारांश: वाचक विवाहित आहेत, वय ३४. त्यांचे वडील एका राजकीय नेत्याचे पंचवीस वर्षांपासूनचे कार्यकर्ते. आईच्या आजारपणात मध्यरात्री आयसीयूमध्ये खाट मिळाली ती त्या नेत्याच्या एका फोनमुळे, आणि माहेरी ही आठवण सगळे जपतात. सासरी चित्र उलटं. त्याच नेत्याच्या सभेनंतर पेटलेल्या दंगलीत सासऱ्यांचं दुकान जळालं. भरपाई तुटपुंजी मिळाली, चिथावणीचा खटला निकालापर्यंत पोहोचलाच नाही. गेल्या आठवड्यात नेत्याचं निधन झालं. त्या संध्याकाळी वाचकाने व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं: 'आज काही घरांत शांत झोप लागेल.' वडिलांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून बोलणं बंद केलं. भावाने स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून 'इथेच सगळ्यांसमोर माफी माग' असं बजावलं. नवरा म्हणतो, माफी मागितलीस तर तो माझ्या वडिलांचा अपमान. एका अनोळखी नंबरवरून 'घर माहीत आहे' असा मेसेजही आला. वडिलांनी बोलावलेली शोकसभा चार दिवसांवर आहे. माफी मागू का, सभेला जाऊ का, आणि गेलेल्या माणसाबद्दल असं वाटणं हेच मुळात चूक आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

प्रिय ताई,

आधी त्या मेसेजचं बघू. बाकीचं दोन दिवस थांबू शकतं, हे नाही. त्याला उत्तर देऊ नका आणि घाईने ब्लॉकही करू नका. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करून नवऱ्याकडे पाठवून ठेवा, मग ब्लॉक करा. दुसरा मेसेज आला किंवा कुणी घराभोवती घुटमळताना दिसलं तर ११२ ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकावणं हा गुन्हा आहे. तक्रारीत नेत्याबद्दलची मतं लिहू नका. मेसेज कधी आला, शब्द काय होते आणि तुम्हाला कशाची भीती वाटते, एवढंच लिहा.

उलट तुमच्यावरच तक्रार होईल, अशी भीती पत्राच्या शेवटी डोकावते. ती निराधार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत बंद पाळला गेला. त्यावर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला आणि ती पोस्ट लाइक केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे पोलिसांनी प्रकरण बंद केलं, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. त्या अटकेसाठी वापरलेल्या कलमांपैकी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराबद्दलचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे कायदा आज तुम्हाला तेव्हापेक्षा जास्त आधार देतो. पण दवाखाना फुटल्यानंतर सव्वादोन वर्षं उलटून गेल्यावर तो निकाल आला, हेही विसरू नका. म्हणून सावधगिरी तुमची तुम्हीच घ्यायची.

भारतीय न्याय संहितेतली, दोन गटांत शत्रुत्व पसरवण्याबद्दलचं कलम १९६ आणि अफवा किंवा चिथावणीखोर मजकुराबद्दलचं ३५३ ही कलमं आजही लागू आहेत. कलम ३५६ प्रमाणे गेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, जर ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाधा आली असती आणि लिहिणाऱ्याचा हेतू कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा असेल तर. तुमच्या ओळीत नाव नाही, आरोप नाही, कुणाला आवाहन नाही. तरीही ठाण्यातून फोन आलाच तर लेखी नोटीस मागा आणि वकिलाला घेऊन जा. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच तर महिला अधिकाऱ्याला आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या.

आता माफी.

भाऊ म्हणतो तू मृताचा अपमान केलास. नवरा म्हणतो माफी म्हणजे माझ्या वडिलांचा अपमान. दोघेही गृहीत धरून चाललेत की तुमची माफी त्या नेत्याबद्दलच असणार. मला तसं वाटत नाही. नेत्याच्या सार्वजनिक कामाबद्दल तुमचं मत वाईट आहे, त्याची माफी तुम्ही कुणाचंच देणं लागत नाही. पण वडील ज्या संध्याकाळी हादरून बसले होते, त्याच संध्याकाळी त्यांना आपल्या मुलीचं मन फोनच्या पडद्यावरून कळलं, तेही चारशे लोकांच्या बरोबरीने. ती जखम खरी आहे आणि ती तुमच्याकडून झाली आहे. माफी या दुसऱ्या गोष्टीची, फक्त वडिलांची आणि फक्त त्यांच्यासमोर.

त्या ओळीकडे जरा नीट बघा. 'आज काही घरांत शांत झोप लागेल.' ती खोटी नाही, तुमच्याच घरात ती रात्र तशी गेली असेल. पण कुणाचं घर, काय जळालं, कुठल्या साली, कुणाच्या भाषणानंतर, यातलं काहीच तिच्यात नाही. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की एक माणूस मेला आणि तुम्हाला बरं वाटलं. सूचक ओळी नेमक्या वाक्यांपेक्षा जास्त लागतात, कारण त्यांतली रिकामी जागा प्रत्येक जण स्वतःच्या रागाने भरतो. 'त्या दंगलीत माझ्या सासऱ्यांचं दुकान जळालं, त्याचा न्याय मिळाला नाही, हे आजही मनात आहे' असं लिहिलं असतं तरी वडील दुखावले असते. पण त्यांना उत्तर देता आलं असतं. सूचक ओळीला उत्तरच देता येत नाही, मग माणूस बोलणं थांबवतो.

'मेल्यावर वैर संपतं' असं ग्रुपवर कुणी ना कुणी लिहिलंच असेल. हे वाक्य ज्या श्लोकावरून आलं तो वाल्मीकी रामायणात युद्धकांडात आहे: 'मरणान्तानि वैराणि'. रावणाचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण कचरतो तेव्हा राम त्याला हे सांगतो. पण त्याच बोलण्यात राम हेही म्हणतो की हा अधर्म आणि असत्य यांनी भरलेला होता, आणि लगेच पुढे, की तो तेजस्वी, बलवान आणि शूर होता. संस्कार अडवायचा नाही, प्रेताशी भांडायचं नाही, एवढंच त्या प्रसंगात ठरतं. गेलेल्याच्या कर्मांबद्दल गप्प बसा असं तिथे कुणीच सांगत नाही. ज्यांनी तो श्लोक पाठवला त्यांना हे शांतपणे सांगायला हरकत नाही, मात्र वडिलांना सांगू नका. दुःखात असलेल्या माणसाला संदर्भ देऊन जिंकणं ही दुष्टाई आहे.

टीका निदान काही दिवस थांबवावी, असं बरीच समंजस माणसं म्हणतात. कुटुंबाच्या दारात, अंत्ययात्रेच्या वाटेवर, शोकसभेत थांबवावीच. सार्वजनिक चर्चेत मात्र हे मला पटत नाही. नेता गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच शासकीय इतमाम, सुट्टी, स्मारक, रस्त्याला नाव असे निर्णय होतात आणि वृत्तपत्रांतून त्या माणसाचं पहिलं चित्र पक्कं होतं. जपानमध्ये ८ जुलै २०२२ रोजी शिंझो आबे यांची हत्या झाली आणि मंत्रिमंडळाने संसदेत चर्चा न करताच शासकीय अंत्यसंस्कार जाहीर केले. माजी पंतप्रधानांना असा मान १९६७ नंतर पहिल्यांदाच मिळत होता. २७ सप्टेंबरला टोकियोत एकीकडे फुलं वाहायला लांबच लांब रांग होती आणि दुसरीकडे विरोधाचे मोर्चे. मोर्चातल्या माणसांनी 'आत्ता नको' म्हणून महिनाभर वाट पाहिली असती तर त्यांना बोलायला विषयच उरला नसता.

प्रश्न उरतो रीतीचा. ८ एप्रिल २०१३ ला ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर गेल्या. दक्षिण यॉर्कशायरमधल्या गोल्डथॉर्प या जुन्या खाणगावात अंत्यसंस्काराच्या दिवशी लोकांनी त्यांच्या नावाने शवपेटी जाळली. थॅचर यांच्या काळात १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडून पडला आणि मग खाणी एकामागून एक बंद झाल्या. त्या गावाचा राग समजतो. पण जगभर फोटो गेला तो पेटीचा. खाण बंद झाल्यावर त्या गल्ल्यांत काय झालं ते मागेच राहिलं. त्याआधी, निधनानंतर दोनच दिवसांनी, १० एप्रिलला, ब्रिटिश संसदेच्या श्रद्धांजलीसाठी बोलावलेल्या बैठकीत खासदार ग्लेंडा जॅक्सन उभ्या राहिल्या आणि त्या काळातल्या शाळांची व रुग्णालयांची दुरवस्था, दुकानांच्या दारांत झोपणारी बेघर माणसं, यांबद्दल सलग बोलल्या. समोरून आरडाओरडा झाला, एका सदस्याने हरकत घेतली, आणि यात असंसदीय काही नाही असं सभापतींनी सांगितलं. पटो न पटो, त्या भाषणाला उत्तर देता येत होतं. तुमचा राग या दुसऱ्या जातीचा व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आणि सुटकेची भावना चूक आहे का? नाही. २५ नोव्हेंबर २०१६ ला क्यूबाचे अनेक दशकांचे सत्ताधीश फिडेल कॅस्ट्रो गेले तेव्हा क्यूबात नऊ दिवसांचा दुखवटा जाहीर झाला आणि अमेरिकेत मायामीच्या लिटल हवाना या क्यूबन निर्वासितांच्या वस्तीत लोक भांडी वाजवत रस्त्यावर उतरले. देश सोडावा लागलेली, तुरुंगात माणसं गमावलेली घरं त्या गर्दीत होती. त्यांना बरं वाटलं म्हणून ती क्रूर ठरत नाहीत. ज्याच्या हातात आपलं बरंवाईट होतं तो गेला की छातीवरचं दडपण उतरतं. हे मनात येतं, आपण ठरवून आणत नाही. ते कुठे आणि कुणासमोर बोलायचं एवढंच आपण ठरवू शकतो. तुमच्या सासऱ्यांसमोर ती ओळ बोलली असतीत तर ती सोबत झाली असती.

तुमच्या कोंडीच्या सर्वांत जवळचं उदाहरण मला चिलीत दिसतं. १० डिसेंबर २००६ ला तिथले माजी लष्करी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोचे गेले तेव्हा मिशेल बाशेले राष्ट्राध्यक्ष होत्या. त्यांचे वडील, हवाई दलाचे जनरल, पिनोचेच्या राजवटीत छळ सोसून १९७४ मध्ये कैदेतच वारले होते. स्वतः बाशेले आणि त्यांची आई १९७५ मध्ये कोठडीत होत्या. त्यांनी शासकीय अंत्यसंस्कार आणि राष्ट्रीय दुखवटा नाकारला. पण पिनोचे माजी लष्करप्रमुख होते म्हणून लष्कराने द्यायचा तो मान देऊ दिला. त्या स्वतः गेल्या नाहीत, संरक्षणमंत्री विवियान ब्लान्लो यांना पाठवलं, आणि तिथल्या गर्दीने मंत्रीबाईंची हुर्यो उडवली. दोन्ही बाजूंचं समाधान झालं नाही. तरी कुठला मान कशासाठी आणि कुठला का नाही, हे कुणालाही विचारलं तर सांगता येईल असं होतं. तुम्हालाही एवढंच साधायचं आहे. दोन्ही घरं खूश व्हावीत ही अपेक्षा मात्र सोडून द्या.

वडिलांकडे वळू. त्यांचं रडणं म्हणजे दंगलीला दिलेली संमती, असं तुम्ही पत्रात दोनदा सुचवलं आहे. एकदा तपासून बघा. पंचवीस वर्षं सतरंज्या उचलणारा, बूथवर बसणारा कार्यकर्ता नेता गेल्यावर बऱ्याच गोष्टींसाठी रडतो: त्याच्याबरोबर गेलेलं तरुणपण, आपल्याला नावाने हाक मारणारा मोठा माणूस, बायकोसाठी आलेला तो फोन, आणि आता पक्षात आपल्याला कोण ओळखणार ही धास्ती. यात ते जळालेलं दुकान कदाचित नसेलच. नसणं हीच तुमची तक्रार असेल तर ती रास्त आहे, पण ती बोलायची वेळ पुढे आहे.

आधी भेटा, फोनवर नको. भाऊ, वहिनी, शेजारी कुणी नसताना जा. बोलणं दोन-तीन वाक्यांत संपवा: 'बाबा, ती ओळ तुम्ही फोनवर वाचली, माझ्याकडून ऐकली नाहीत, याची मला लाज वाटते. आईसाठी आलेला फोन मी विसरलेले नाही. त्यांच्याबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते का आहे ते तुम्हाला ऐकावंसं वाटेल तेव्हा सांगेन.' इथे थांबा. ही भेट बहुतेक वेळा बिघडते ती चौथ्या वाक्याला. 'पण तुम्हीही विचार करा की' असं तोंडातून निघतं आणि माफी वादाची प्रस्तावना होऊन बसते. ते चिडले तर ऐकून घ्या. काहीच बोलले नाहीत तर पाणी पिऊन निघा, आणि दोन दिवसांनी त्यांच्या गोळ्यांची, तब्येतीची चौकशी करायला फोन करा. त्यात हा विषय काढू नका.

ग्रुपवर भावाला हवी आहे तशी माफी मागू नका. तिथे माफी मागितली की ती कुणाची जीत, कुणाची हार असं होतं, आणि सासरचे कुणी त्या ग्रुपात असतील तर त्यांनाही ती वाचावी लागते. पण पूर्ण मौनही नको, कारण स्क्रीनशॉट तिथे पडून आहे. एकदाच लिहा: 'माझ्या स्टेटसमुळे बाबांना त्रास झाला, त्यांच्याशी मी स्वतः बोलले आहे. या विषयावर इथे अधिक लिहिणार नाही.' भेट झाल्यानंतरच लिहा, आधी नाही. मग ग्रुप आठवडाभर म्यूट करा. स्टेटस तर चोवीस तासांतच गेलं, ते काढण्याचा प्रश्नच नाही. यापुढे असं काही ठेवावंसं वाटलं तर स्टेटसच्या प्रायव्हसीत मोजक्या लोकांनाच दिसेल अशी सोय आहे, ती वापरा. स्क्रीनशॉट मात्र त्या मोजक्यांतूनही बाहेर पडतो.

तुमच्यासारखी पत्रं ग्रुप चालवणाऱ्यांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच थोडं. सोसायटी, शाळासोबती, नातेवाईक, कुठलाही मिश्र ग्रुप असो, अशा बातमीनंतर दोन दिवस फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग लावावी आणि ती का लावली हे एका ओळीत सांगावं. शोकसंदेश टाकायचा तर 'आपल्या सर्वांचे लाडके' हे शब्द टाळावेत, भांडण तिथूनच पेटतं. 'अमुक यांचं निधन झालं, त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहोत' याला सहसा कुणी आक्षेप घेत नाही. दुसऱ्याने टाकलेला चिथावणीखोर मजकूर ॲडमिनला सर्वांसाठी डिलीट करता येतो, तो करावा. सभासदाच्या पोस्टसाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. या दिवसांत जुने व्हिडिओ आणि नेत्याच्या तोंडी घातलेली वाक्यं पूर येतो तशी फिरतात. मूळ तारीख आणि पूर्ण भाषण सापडल्याशिवाय पुढे पाठवू नये, स्तुतीचं असलं तरी आणि निंदेचं असलं तरी.

नवऱ्याशीही बोलावं लागेल. 'तुझ्या वडिलांचं जे जळालं त्याबद्दल मी एक शब्दही मागे घेत नाही. माझ्या वडिलांना मी ज्या रीतीने दुखावलं त्याची माफी मागते' हे त्याला भेटीच्या आधी सांगा, नंतर कळलं तर ते लपवल्यासारखं होईल. आणि सासऱ्यांना विचारा की त्यांना काय हवं आहे. तुमच्या पत्रात सगळे त्यांच्या वतीने बोलतात, त्यांचं स्वतःचं एकही वाक्य नाही.

शोकसभेला जायचं की नाही? गेलात तर मुलगी म्हणून जा, वडिलांच्या बाजूला बसा, बोलायला उभ्या राहू नका. भाषणाचा आग्रह झाला तर 'मी बाबांसाठी आले आहे' एवढंच सांगा. आईच्या त्या रात्रीबद्दल दोन वाक्यं बोलावीत असा मोह होईल. माझा सल्ला, टाळा. तुमच्या तोंडची कृतज्ञता दुसऱ्या दिवशी पक्षाच्या व्हिडिओत असेल आणि ती सासऱ्यांना बघावी लागेल. घोषणा सुरू झाल्या की उठून स्वयंपाकघरात किंवा बाहेर जायची मुभा स्वतःला द्या. जाणं जमणारच नसेल तर आदल्या दिवशी वडिलांना भेटून या आणि 'उद्या येणार नाही' हे तोंडावर सांगा. न सांगता गैरहजर राहिलात तर त्याचा अर्थ भाऊ ठरवेल.

आणि सगळं थोडं निवळल्यावर, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी, तुम्हाला त्या नेत्याबद्दल खरंच लिहायचं असेल तर जरूर लिहा. सासऱ्यांची परवानगी घ्या आणि त्यांच्याजवळची कागदं काढा: एफआयआरची प्रत, पंचनामा, विम्याचा दावा, भरपाईचा आदेश, त्या दिवसांची वर्तमानपत्रं. सगळं स्कॅन करून तारखेप्रमाणे लावा. एफआयआर सापडत नसेल तर पोलीस ठाण्याकडे किंवा न्यायालयाकडे प्रतीसाठी अर्ज करता येतो, चौकशी आयोग बसला असेल तर त्याचा अहवाल विधिमंडळासमोर आला का ते बघता येतं. लिहिताना 'आरोप', 'आरोपपत्र', 'दोषी' आणि 'निर्दोष' यांची सरमिसळ होऊ देऊ नका. आरोपी मरण पावला की त्याच्यापुरता खटला संपतो, आरोप सिद्धही होत नाही आणि फेटाळलाही जात नाही. जयललितांचं ५ डिसेंबर २०१६ ला निधन झालं. १४ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बेहिशेबी मालमत्तेच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने केलेली सुटका रद्द करून त्यांच्या निकटवर्ती शशिकला यांची शिक्षा पुन्हा लागू केली, पण जयललितांविरुद्धची अपिलं त्यांच्या मृत्यूमुळे संपुष्टात आली असं नमूद केलं. तुमच्या बाबतीत 'चिथावणीचा गुन्हा नोंदवला गेला होता, निकालाआधी त्यांचं निधन झालं' हे वाक्य बरोबर राहील. 'त्यांनी दुकान जाळलं' हे नाही.

मजकूर तयार झाला की प्रकाशित करण्याआधी एक प्रत वडिलांच्या हातात द्या. मान्यतेसाठी नव्हे. या वेळी त्यांनी तो तुमच्याकडून घ्यावा म्हणून.